पणजीत एक रात्र, मांडवीच्या काठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोकर्णला किंवा केरळला गाडीने जाताना मधला मुक्काम, लग्नाला आल्यावर हाताशी उरलेला एक दिवस, रात्री उशिराचं विमान. अशा कारणांनी पणजीत नदीकाठच्या हॉटेलात एखादी रात्र काढणारे पुष्कळजण तेच ते प्रश्न पाठवतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. प्रत्येक उत्तर वेगळं वाचलं तरी चालेल. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे दिलं असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक सांगितला आहे.

१. गोव्यात एकच रात्र मिळणार आहे. पणजीत राहू की समुद्रकिनाऱ्यावर?

पोरांना लाटांत खेळायचंच असेल तर सरळ किनाऱ्यावर राहा. पणजीत राहून संध्याकाळी कळंगुटला जायचं आणि रात्री परतायचं ठरवलंत, तर त्या एका संध्याकाळीतला बराच वेळ गाडीत जाईल.

समुद्राची ओढ नसेल आणि प्रवासाचा शीण घालवायचा असेल, तर मी पणजीच सुचवेन. हॉटेलातून बाहेर पडलं की समोर मांडवी असते, मागे दहा मिनिटांवर जुनी वस्ती. बाजार, चर्च, देऊळ, नाट्यगृह, फेरीबोट, सगळं पायी किंवा रिक्षाने दोन-तीन किलोमीटरांत. गाडी एकदा लावली की दुसऱ्या दिवशी निघेपर्यंत तिला हात लावावा लागत नाही. थोड्या वेळाच्या मुक्कामात हे फार मोलाचं आहे.

२. 'नदीकाठचं हॉटेल' असं सगळेच लिहितात. नेमका कुठला भाग चांगला?

मांडवी पणजीच्या उत्तरेला, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. तिच्या काठाचे ढोबळमानाने चार तुकडे पडतात.

पूर्वेला पाटो: कदंबचं (गोव्याच्या सरकारी बससेवेचं) स्थानक, पूल आणि क्रूझच्या बोटींचा सांता मोनिका धक्का. बसने येणाऱ्यांना सोयीचं आणि फोंतेन्हास या जुन्या वस्तीलाही जवळ, पण रहदारी जास्त. मग मधला भाग: जुनं सचिवालय, फेरी धक्का, मागे चर्च आणि महापालिका उद्यान. त्याच्या पश्चिमेला बाजार आणि पुढे कांपाल: मोठी झाडं, बागा, कला अकादमी. शेवटी मिरामार, जिथे नदी समुद्राला मिळते आणि वाळू लागते.

पहिल्यांदाच येत असाल तर मधला भाग घ्या. आधी आला असाल आणि शांतता हवी असेल तर कांपाल. कांपालला दिवसा-रात्री केव्हाही सावकाश चालता येतं आणि पणजीत मला सर्वांत आवडणारा भाग तोच.

३. 'रिव्हर व्ह्यू' खोलीला जास्त पैसे मागतात. द्यावेत का?

खोलीत निदान तीन-चार तास जागेपणी बसणार असाल तर द्या. रात्री अकराला येऊन सकाळी सातला निघणार असाल तर देऊ नका.

पैसे देण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या. समोरच्या पात्रात कॅसिनोची बोट उभी आहे का? अंधार पडला की त्या बोटींचे रंगीत दिवे पडद्यातूनही आत येतात. आणि खोली कितव्या मजल्यावर आहे? काठाने दयानंद बांदोडकर मार्ग जातो, त्यामुळे खालच्या मजल्यावर नदीपेक्षा गाड्याच जास्त ऐकू येतात.

सूर्यास्ताच्या आशेने खोली घेणाऱ्यांसाठी आणखी एक. या खोल्यांचं तोंड उत्तरेला असतं. मे-जूनमध्ये सूर्य वायव्येकडे कलून मावळतो, तेव्हा खिडकीतून डावीकडे वाकून पाहिलं तर नदीच्या मुखाकडचं आकाश दिसतं. डिसेंबर-जानेवारीत तो पश्चिमेच्या दक्षिणेला मावळतो आणि शहराच्या इमारतींआड जातो. थंडीत सूर्यास्त बघायचा असेल तर मिरामारच्या वाळूवर जा, त्यासाठी खोलीचं भाडं वाढवू नका.

४. विमानतळावरून किंवा स्टेशनवरून पणजीला कसं यायचं?

पणजीला रेल्वे स्टेशन नाही. कोकण रेल्वेचं सर्वांत जवळचं स्टेशन करमळी, दहा-बारा किलोमीटरवर. थिवी साधारण वीस, मडगाव तीस-पस्तीस. मांडवी एक्स्प्रेस आणि कोकणकन्या करमळीला थांबतात, पण सगळ्या जलद गाड्या थांबत नाहीत. तिकीट काढतानाच बघा.

विमानतळ दोन आहेत, दक्षिणेला दाबोळी आणि उत्तरेला मोपा. पणजी या दोन्हींच्या मधे, दोन्हीकडून तीस-पस्तीस किलोमीटरच्या आसपास. दोन्हीकडून कदंबच्या बसगाड्या पणजीला येतात. ओला-उबर गोव्यात चालत नाहीत. गोवामाइल्सचं अ‍ॅप वापरा, नाहीतर विमानतळावरच्या प्रीपेड खिडकीवरून टॅक्सी घ्या.

एकटे असाल आणि सामान कमी असेल तर शहरात 'पायलट' बघा. ही गोव्याची दुचाकी टॅक्सी, पुढचं मडगार्ड पिवळं असतं. भाडं बसण्यापूर्वी ठरवा.

५. बस पहाटे सहाला पोचते, खोली दुपारी मिळणार. तोवर काय करू?

हॉटेलात फोन करून दोन गोष्टी मागा: सामान ठेवायला जागा आणि तोंड धुवायला एखादी मोकळी न्हाणी. बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत. सोबतच्या प्रत्येकाचं ओळखपत्र मात्र हाताशी ठेवा.

मग नदीकाठी या. या वेळेला बांदोडकर मार्गावर चालणारे, धावणारे आणि गळ टाकून बसलेले लोक एवढेच असतात. ऊन चढायच्या आत जुन्या सचिवालयापासून कांपालपर्यंत चालून घ्या. परतताना बाजारात शिरा. मासळी बाजार बघायचा तर सकाळीच. दुपारनंतर तिथे काही उरत नाही.

त्यानंतर न्याहारी. पणजीची सकाळ भाजी-पावाची. पातळ भाजी, सुकी भाजी किंवा दोन्ही मिसळून, सोबत पाव नाहीतर पोई (कोंड्याचा पाव), वर एखादी मिरची-भजी आणि चहा. कॅफे भोसले आणि कॅफे टाटो ही त्यासाठीची जुनी, गजबजलेली नावं. एका टेबलावर अनोळखी माणसांसोबत बसायची तयारी ठेवा.

६. पणजीत फक्त तीन-चार तास आहेत. काय बघू?

एकच पट्टा निवडा. मी हा सुचवेन.

जुन्या सचिवालयापासून सुरुवात करा. आदिलशहाचा हा वाडा. १७५९ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय जुन्या गोव्याहून इथे राहायला आला, आणि मुक्त गोव्याची विधानसभाही २००० सालापर्यंत इथेच भरायची. शेजारी एक विलक्षण पुतळा आहे: झगा घातलेला पुरुष आणि त्याच्यासमोर मागे कोसळणारी स्त्री. हे आबे फारिया, १७५६ मध्ये कांदोळीत जन्मलेले, संमोहनविद्येच्या आद्य अभ्यासकांपैकी एक. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी १९४५ मध्ये हा पुतळा घडवला. घाईत लोक फोटो काढून पुढे जातात. तुम्ही त्याच्याभोवती एक फेरी मारा. बाजूने पाहिल्यावर त्या दोन आकृत्यांमधला ताण जास्त कळतो.

तिथून आत वळलात की चर्च. पहिलं बांधकाम १५४१ चं, आजची वास्तू १६१९ ची, समोरचा नागमोडी जिना नंतरचा. वरची मोठी घंटा मुळात जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची. मधे ती आग्वादच्या दीपगृहात होती आणि १८७१ मध्ये इथे आली.

आझाद मैदानाजवळच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या-पांढऱ्या फरशांवरची चित्रं आहेत. जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराची ही कामगिरी १९३५ मध्ये इथे बसवली गेली. भारताच्या सागरी वाटेवरच्या पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग त्यांवर आहेत. पणजीतली फार थोडी माणसं पाहुण्यांना इथे आणतात, याचं मला वाईट वाटतं. सरकारी कामाच्या वेळेत जा.

उरलेला वेळ नदीकाठी बसा. फोंतेन्हास या तीन तासांत कोंबू नका (प्रश्न ११).

७. काहीच बघायचं नाही, नुसतं नदीकडे बघत बसायचं आहे. कंटाळा येईल का?

हा प्रश्न संकोचाने विचारला जातो. माझ्या मते पणजीत एक दिवस काढायचा याहून चांगला मार्ग नाही.

इथली मांडवी खाडी आहे. समुद्र जवळ, त्यामुळे भरती-ओहोटीचा पूर्ण अंमल. साधारण सहा तासांनी प्रवाह उलटतो. तुम्ही सकाळी चहा घेऊन बसलात तेव्हा पाणी पश्चिमेकडे जात असेल, तर दुपारी तेच पूर्वेकडे, आत शिरताना दिसेल. पाण्यावर तरंगणारी एखादी फांदी किंवा जलपर्णीचा पुंजका नजरेने धरून ठेवा, दिशा लगेच कळते. दोन्हींच्या मधे काही मिनिटं पाणी जवळजवळ थांबतं. त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा फोनवर मिळतात. त्या पाहून खुर्ची खिडकीशी ओढा.

वर सत्तरी भागात हिलाच म्हादई म्हणतात. उगम कर्नाटकात, खानापूर तालुक्यातल्या भीमगडच्या जंगलात. पावसाळ्यात पात्र लाल-तपकिरी होतं ते घाटातली माती उतरते म्हणून. दिवाळीनंतर ते हळूहळू हिरवट होतं.

बघायला नदीवर रहदारीही असते. फेरीबोटींची ये-जा, मालीम धक्क्याकडे परतणारे ट्रॉलर आणि त्यांच्यामागे घारी, अधूनमधून खनिजाची बार्ज. एखादी बार्ज भरलेली आहे की रिकामी हे ती पाण्यात किती बसली आहे त्यावरून ओळखता येतं. पूर्वेला अटल सेतूच्या तारा दिसतात, २०१९ मध्ये सुरू झालेला मांडवीवरचा तिसरा पूल.

८. संध्याकाळची क्रूझ घ्यावी का?

सांता मोनिका धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटी तासाभरात नदीच्या मुखाकडे जाऊन परततात. वर मंच असतो. देखणी, फुगडी, पोर्तुगीज धाटणीचे नाच होतात, मधेमधे पाहुण्यांना नाचायला बोलावतात. आवाज मोठा. मुलं आणि मोठा गोतावळा असेल तर मजा येते.

शांतपणे नदी बघायची असेल तर क्रूझ तुमच्यासाठी नाही. तेच पात्र फेरीबोटीतून बघा (प्रश्न १०). क्रूझ घ्यायचीच असेल तर सूर्यास्ताची फेरी घ्या, तिकीट धक्क्यावरच्या खिडकीवरून काढा आणि वरच्या डेकवर कडेची खुर्ची मिळेल इतकं आधी जा. रस्त्यात गाठून तिकीट विकणाऱ्यांकडून घेऊ नका.

९. नदीतल्या त्या कॅसिनोंमध्ये नुसतं बघायला जाता येतं का? घरच्यांना घेऊन?

प्रवेशालाच पैसे पडतात आणि वय किमान २१ हवं. सोबत मुलं असतील तर विषय संपला. संध्याकाळी काठावर दलाल मागे लागतात. 'नको' म्हणून चालत राहा, थांबून दर विचारू नका.

एका रात्रीच्या विश्रांतीत मी कॅसिनो बसवणार नाही. तिथे जाणारा माणूस पहाटे परततो आणि दुसऱ्या दिवशी प्रवास करण्याच्या अवस्थेत नसतो.

१०. फेरीबोटीने पलीकडे जाऊन करायचं काय?

काही न करता परत आलात तरी चालतं. पणजी-बेती फेरीत चालत जाणाऱ्याकडून पैसे घेत नाहीत. पलीकडे पोचायला मोजकी मिनिटं लागतात. बोटीच्या कडेला उभं राहिलं की शहर पाण्याच्या बाजूने दिसतं: सचिवालयाचं उतरतं छप्पर, त्यामागे आल्तिनोची टेकडी. पणजी नदीकडे तोंड करून वसलेलं गाव आहे, हे रस्त्यावरून कधी कळत नाही.

या बोटींना इथे मान आहे. मांडवीवरचा पहिला पूल १९७० मध्ये झाला आणि ५ जुलै १९८६ ला कोसळला. नवा पूल होईपर्यंत उत्तर गोवा आणि राजधानी यांच्यातली ये-जा मुख्यतः फेरीबोटींनीच सांभाळली. पणजीतल्या वयस्कर माणसाशी बोट या विषयावर बोललात तर तो काळ हमखास निघतो.

पलीकडे उतरून वेळ असेल तर बेतीहून रिक्षाने रेईश मागूशचा किल्ला गाठा. डागडुजी करून तो २०१२ मध्ये लोकांसाठी उघडला. तटावरून समोर पणजी आणि उजवीकडे समुद्र दिसतो, शिवाय आत मारियो मिरांडांची चित्रं आहेत. साप्ताहिक सुट्टी असते, ती निघण्यापूर्वी बघा.

पक्षी आवडत असतील तर रायबंदरला जा, पाच-सहा किलोमीटर. तिथून फेरीने चोडण बेट, उतरल्याबरोबर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. दोन चौरस किलोमीटरही नाही, सगळी खारफुटी. ओहोटीला चिखल उघडा पडतो, तेव्हा पायांनी चालणारे निवटे, एक नांगी मोठी असलेले लहान खेकडे आणि त्यांच्या मागावरचे पक्षी दिसतात. सकाळी लवकर जा, डासांसाठी मलम न्या.

११. फोंतेन्हास कधी बघावं? फोटो काढले तर लोक चिडतात का?

सकाळी आठ ते दहा, किंवा संध्याकाळी साडेचारनंतर. उरें खाडीच्या आणि आल्तिनो टेकडीच्या मधली ही वस्ती एका तासात चालून होते, पण दोन तास ठेवा. घरं पिवळी, निळी, लाल. खिडक्यांच्या कडा पांढऱ्या. सेंट सेबेस्टियनच्या कपेलात एक मोठा क्रूस आहे. जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणाऱ्या धर्मन्यायालयाच्या वाड्यात तो असायचा. त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत, आणि ते ठाऊक असल्यावर त्याच्यासमोर उभं राहणं सोपं नाही.

तिथून दक्षिणेला मळ्यात गेलात की फिनिक्स झरा आणि वर टेकडीच्या उतारावर मारुतीचं देऊळ. पायऱ्या चढून मागे वळून बघा, कौलारू छपरांची अख्खी वस्ती खाली दिसते. फोंतेन्हास बघणारे बहुतेकजण इथवर येत नाहीत. या.

फोटोंबद्दल: लोक चिडतात, आणि त्यांचं बरोबर आहे. ही राहती घरं आहेत. कुणाच्या ओट्यावर बसून, दारासमोर कपडे बदलून, सकाळी सातला मोठ्याने सूचना देत फोटो काढले तर कुणालाही त्रास होईल. रस्त्यावरून, हळू आवाजात, उघड्या दारा-खिडकीच्या आतलं न टिपता काढा. 'फोटो काढू नये' असा फलक असेल तिथे काढू नका. लग्नाआधीच्या फोटोंसाठी ही जागा धरू नका.

१२. दुपारी सगळं बंद असतं म्हणतात. खरं का?

बऱ्याच अंशी. एक ते साडेतीन-चार या वेळात लहान दुकानं बंद असतात, रविवारी तर बाजारपेठ बहुतांशी ओस. याविरुद्ध कुरकुर करण्यापेक्षा तुम्हीही झोपा. हॉटेलची खोली घेतली आहे ती याच वेळेसाठी. झोप येत नसेल तर पाटोला कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, मूळ स्थापना १८३२ ची. मराठी पुस्तकं भरपूर आणि वाचायला बसायची सोय चांगली.

१३. आम्ही शाकाहारी आहोत. हाल होतील का? आणि मासे खाणाऱ्यांनी काय मागवावं?

पणजीत शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. भाजी-पाव वर सांगितलाच (प्रश्न ५). दुपारी शाकाहारी थाळीत मूगागाठी (मोड आलेल्या मुगाची भाजी), तोंडाक (कडधान्याची रस्साभाजी), नशीब असेल तर खतखतें (मिश्र भाज्यांचा रस्सा) मिळेल. सोलकढी मागून घ्या.

मासे खाणाऱ्यांनी दुपारची थाळी चुकवू नये. भात, हुमण (माशांची आमटी), किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), एखादी तिसऱ्यांची सुकी भाजी आणि रव्यात तळलेला मासा. साडेबाराच्या आत गेलात तर रांग लागत नाही. संध्याकाळी गाड्यांवर रोस ऑम्लेट मिळतं, ऑम्लेटवर मटणाच्या किंवा कोंबडीच्या रश्शाचा रोस आणि सोबत पाव. पोट जड करून मग झोपायला जाऊ नका, एका प्लेटीत दोघांचं भागतं.

बिबिंका (थराथरांचा गोड केक) घरी न्यायचा असेल तर बेकरीतून घ्या आणि शेवटच्या तारखेचा शिक्का बघा.

१४. सत्तरीच्या आई-वडिलांना घेऊन येतोय. फार चालवत नाही त्यांना.

कांपालचं हॉटेल घ्या, लिफ्ट आहे का ते विचारा. सकाळी कांपालच्या बागेत सावलीत बसता येतं. कला अकादमी जवळच आहे. चार्ल्स कोरिया यांनी रचलेली ही वास्तू १९८० च्या दशकातली, बुटकी, पसरलेली, नदीपर्यंत मोकळी. आतल्या नाट्यगृहाला दीनानाथ मंगेशकरांचं नाव आहे. मराठी नाट्यस्पर्धा इथे रंगतात. मुक्कामाच्या दिवशी एखादं नाटक किंवा गाणं असेल तर आई-वडिलांची संध्याकाळ सार्थकी लागली समजा; हॉटेलात पोचल्याबरोबर चौकशी करा.

चर्चचा जिना, मारुतीच्या पायऱ्या आणि फोंतेन्हासचे उंचसखल पदपथ टाळा. फेरीबोटीत उतारावरून चढावं लागतं, ओहोटीला तो उतार तीव्र आणि निसरडा होतो. भरतीच्या वेळी न्या. देवदर्शन हवं असेल तर दादा वैद्य रस्त्यावरचं महालक्ष्मीचं देऊळ पोर्तुगीज अमदानीतच उभं राहिलेलं. रिक्षा अगदी जवळ जाते.

१५. आमचं कुलदैवत मंगेशी / शांतादुर्गा आहे. एका रात्रीच्या मुक्कामात दर्शन होईल?

होईल, पण तो दिवस मग दर्शनाचाच ठेवा. मंगेशी पणजीहून वीस-बावीस किलोमीटर. पुढे किलोमीटरभरावर म्हार्दोळची म्हाळसा, आणि कवळ्याची शांतादुर्गा फोंड्याजवळ, सगळं मिळून तीसेक किलोमीटर. सकाळी सातला टॅक्सीने निघालात तर तिन्ही करून जेवायच्या वेळेला परत येता. अभिषेक किंवा ओटी असेल तर वेळ आधी देवस्थानाला विचारून घ्या.

जुनं गोवं याच वाटेवर, पणजीपासून नऊ-दहा किलोमीटरवर. परतताना तासभर थांबून बॉम जीझसचं बासिलिका आणि समोरचं से कॅथेड्रल बघता येतं. कपडे दोन्हीकडे सारखेच: खांदे आणि गुडघे झाकलेले. ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त असतं. त्या दिवशी आणि आधीच्या दिवसांत ही वाट धरू नका.

१६. स्कूटर भाड्याने घ्यावी का?

पणजीतल्या पणजीत गरज नाही, लावायला जागा शोधण्यातच वेळ जाईल. रायबंदर-चोडणला जायचं असेल तर उपयोगी. १६३० च्या दशकात बांधलेला लिन्हारेसचा बांध ओलांडत, नदी डावीकडे ठेवून जायचा तो रस्ता फार सुंदर आहे. भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी हवीत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी घेऊ नका. हेल्मेट मागून घ्या. नकाशा अटल सेतूवर नेऊ लागला तर तिकडे वळू नका, त्या पुलावर दुचाकींना बंदी आहे. शेजारचे जुने पूल वापरा.

१७. मिरामारला पोहता येतं का? नदीत?

नदीत नाही. प्रवाह उलटसुलट (प्रश्न ७), बोटींची ये-जा सतत. मिरामारला नदी आणि समुद्र एकत्र येतात, वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली ओढ असते. घोट्यापर्यंत पाय भिजवा, वाळूत चाला, सूर्यास्त बघा. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांची समाधी तिथेच आहे.

१८. पावसाळ्यात आलो तर दिवस फुकट जाईल?

उलट, नदीकाठच्या खोलीचे पैसे खऱ्या अर्थाने पावसाळ्यात वसूल होतात. पलीकडची टेकडी सरींमागे नाहीशी होते, पुन्हा दिसते. खोल्याही स्वस्त. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून सुरमई-पापलेट महाग आणि बहुधा बर्फातलं. त्या दिवसांत तिसऱ्या, शिनाणे असे शिंपले किंवा खाडीतली मासळी मागा. जोराचा वारा असेल तर फेरी आणि क्रूझ थांबू शकतात, परतीची घाई असताना पलीकडे जाऊ नका.

१९. कोणत्या दिवसांत येऊ नये?

हॉटेलचे दर आणि गर्दी नको असेल तर नाताळ ते नववर्ष. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात चित्रपट महोत्सव असतो, २००४ पासून तो पणजीत भरतो. सिनेमाची आवड असेल तर मुद्दाम त्याच वेळी या, नसेल तर टाळा. कार्निव्हल आणि शिगम्याच्या मिरवणुकीच्या दिवशी शहरातले मुख्य रस्ते बंद होतात. खोली त्या रस्त्यावर असेल तर बघायला उत्तम, पण टॅक्सी दाराशी येणार नाही.

एक अपवाद बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. गणेश चतुर्थीला गोमंतकीय आपापल्या मूळ घरी जातात. पहिले दीड-दोन दिवस पणजीतली कितीतरी हॉटेलं आणि दुकानं बंद असतात. तेव्हा राहत्या हॉटेलात जेवण मिळणार का, हे आरक्षण करतानाच विचारा.

२०. काठावर बसून बिअर प्यायली तर चालते का?

नाही. सार्वजनिक ठिकाणी पिणं दंडनीय आहे. हॉटेलच्या गच्चीवर किंवा बारमध्ये बसा.

२१. खोली सकाळी दहा-अकराला सोडायची आणि गाडी रात्रीची. मधले बारा तास कुठे काढू?

आधी हॉटेलातच विचारा. गर्दीचे दिवस नसतील तर दोन-तीन तास जास्त देतात, कधी फुकट, कधी थोडे पैसे घेऊन. अर्ध्या दिवसाचं भाडं मागितलं आणि सोबत लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल, तर ते द्या. दुपारी आडवं व्हायला मिळणं या पैशापेक्षा मोठं आहे.

नाही जमलं तर सामान हॉटेलात ठेवा आणि दिवस असा लावा: ऊन असेपर्यंत छपराखाली (ग्रंथालय किंवा मिनेझिस ब्रागांझा), चारनंतर बाहेर (फोंतेन्हास किंवा फेरी), अंधार पडल्यावर कांपाल. सोबत लहान मुलं असतील तर कांपालमधल्या भगवान महावीर बालोद्यानात झोपाळे आणि मोकळी जागा आहे, संध्याकाळ तिथे जाते.

रात्रीच्या खासगी बसगाड्या कुठून सुटतात ते तिकिटावर नीट वाचा, कदंबच्या स्थानकातून सगळ्या सुटत नाहीत. आणि विमान असेल तर दाबोळी की मोपा हे दुपारीच पुन्हा तपासा. तिकिटावर दोन्हींसाठी 'गोवा' असंच छापलेलं असतं; जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. चुकीच्या विमानतळावर पोचलात तर दुसरीकडे जायला दीड तासाच्या वर लागतो. पहाटेच्या विमानासाठी टॅक्सी आदल्या रात्रीच ठरवून ठेवा, चालकाचा नंबर घ्या आणि हॉटेलच्या रात्रपाळीच्या माणसालाही वेळ सांगून ठेवा.